पुठ्ठ्याची खिडकी

ओंदिना ब्रेसानचं अक्षर म्हणजे मोत्यांचे दाणे. पो नदीकाठच्या पोलेसिनेच्या चिखलात जन्मलेल्या या पोरीला ननांच्या शाळेनं दुसरं काही दिलं नाही, पण अक्षर दिलं. उजवीकडं किंचित झुकलेलं, डौलदार वळणांचं. मिलानच्या ज्या चार मजली चाळीत ती राहायची, तिथं सगळ्यांची दारं एकाच लोखंडी कठड्याच्या सज्जात उघडत. कुणाला घरासाठी अर्ज करायचा असो, कुणाच्या पोरीला प्रेमपत्राचं उत्तर द्यायचं असो, सगळे ओंदिनाच्या दारात. कौतुक भरपूर व्हायचं. शाई तिची जायची.

तिचा नवरा ट्रामवर वाहक होता. तो छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा ओंदिना तेहतीस वर्षांची होती. मूलबाळ नाही, घरात म्हातारा बाप. चार महिने तिनं शिवणकाम करून पाहिलं, पण अक्षरासारखा टाका काही तिला जमेना. मग खालच्या मजल्यावरच्या एका छापखान्यातल्या माणसानं सांगितलं, एका प्रकाशकाला घरबसल्या लिहिणारा हात हवाय. ओंदिनाला वाटलं, संतांची चरित्रं असतील, नाहीतर पाककृती. तिनं हौसेनं नवा टाक आणला.

गठ्ठा आला. तिनं तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मक्याच्या पोलेंटाच्या पातेल्याशेजारी सोडला आणि तिचे डोळे पांढरे झाले. वरच्याच कागदावर काळे हातमोजे घातलेला एक इसम कुठल्याशा उमरावाच्या बायकोचा गळा दाबत होता. बाईच्या अंगावर रात्रीचा झगा, तोही अर्धाच. सगळी गोष्ट चित्रांच्या चौकटींत, आणि माणसांच्या तोंडांतून निघालेले पांढरे फुगे रिकामे. ओंदिनानं छातीवर क्रूस काढला, गठ्ठा परत बांधला आणि साबणानं हात धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रकाशकाच्या कचेरीत हजर.

संपादक मालिन्व्हेर्नी नावाचा एक टकला, कायम घाईत असलेला गृहस्थ होता.

"बाई, हा 'काळा हातमोजा' आहे," तो म्हणाला. "दर महिन्याच्या वीस तारखेला निघतो. अर्धं मिलान वाचतं, आणि दुसरं अर्धं आपण वाचत नाही म्हणून सांगतं."

"पण त्यात त्या बाईचा गळा..."

"तुम्हाला वाचायला कुणी सांगितलंय? टंकलेली संहिता सोबत आहे. बघायचं आणि फुग्यात भरायचं. आणि ते ननांचं वळण विसरा. सगळी मोठी अक्षरं, ताठ. मधल्या ओळीपासून सुरुवात करा, म्हणजे फुगा सगळीकडून सारखा भरतो."

ज्या गावाला जायचं नाही त्या गावची वाट कशाला विचारायची, असं म्हणत ओंदिना घरी आली आणि तिनं एक युक्ती केली. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्याला मधोमध फुग्याएवढी खिडकी पाडली. पुठ्ठा चित्रावर ठेवायचा, खिडकीतून नुसता फुगा दिसेल, तेवढा भरायचा, पुढं सरकायचं. असं तिनं वर्षभर काम केलं. त्या वर्षात काळ्या हातमोज्यानं किती तिजोऱ्या फोडल्या आणि किती बायकांना नादी लावलं, ते तिनं आपल्या हातानं लिहिलं, पण त्यांतल्या एकाचंही थोबाड पाहिलं नाही. चित्रकथा हा न शिकलेल्या लोकांसाठी काढलेला रद्दी प्रकार आहे, हे तिचं ठाम मत होतं. ज्याला वाक्य वाचता येत नाही, त्यानं चित्रं बघावीत.

आणि न शिकलेला माणूस तिच्या घरातच होता. तिचा बाप ओलिंदो. सदुसष्ट वर्षांचा, वाकलेला, पो नदीच्या काठी वाळू काढण्यात हाताची कातडी घट्टे पडून टणक झालेली. सहीच्या जागी तो फुली मारायचा. ट्रामच्या थांब्यावर शेजारच्याला विचारायचा, "जरा पाटी वाचता का? चष्मा घरी राहिला." चष्मा त्याच्याकडं जन्मात कधी नव्हता. एक्कावन्नच्या नोव्हेंबरात पो नदी फुटली, त्या पुरात त्याचं घर गेलं आणि बायको गेली. तेव्हापासून तो मिलानमध्ये होता. आधी विटा वाहायचा, आता खुर्चीत बसायचा.

लिहून झालेले कागद ओंदिना स्वयंपाकघरातल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालायची. ओलिंदो आपली खुर्ची बरोबर त्या दोरीखाली सरकवायचा. सज्जातून जाता-जाता शेजारच्या पोत्सीबाईंना एके दिवशी मोज्यांच्या जोडीशेजारी खंजीर घेतलेली अर्धनग्न बाई वाळत घातलेली दिसली. त्यांना चार दिवस पुरेल एवढा धक्का बसला. पण पाचव्या दिवशी त्या वेगळंच सांगायला आल्या.

"ओंदिनाबाई, कागदांचं राहू द्या, तुमचं पोट आहे. पण तुमचे बाबा त्या कागदांशी बोलतात. मी स्वतः ऐकलंय. 'तिकडं जाऊ नको,' म्हणत होते. 'मागं बघ, मागं.' घरात दुसरं कुणी नव्हतं."

ओंदिनानं दोन दिवस कान देऊन ऐकलं आणि खरंच होतं ते. बाप मान वर करून बसायचा, ओठ हलायचे. मध्येच हसायचा. एकदा तर तो एका कागदाला चक्क "हरामखोरा" म्हणाला.

मग तिनं तोरिनोला धाकट्या भावाला पत्र टाकलं. इव्हो सत्तावीस वर्षांचा, कारखान्यात विजेची कामं करायचा. लहानपणापासून तारेचा तुकडा हातात दिला की तास न् तास रमणारा पोरगा तो. त्याची पत्रं नाताळाला यायची, दोन ओळींची, त्यात बापाचं नाव नसायचं. या वेळी मात्र आठवड्यात उत्तर आलं. रोव्हिगोला ननांच्या वृद्धाश्रमात जागा होते आहे, ऑक्टोबरनंतर. एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला मी येतो. बाबांना आईच्या थडग्यावर नेतो आणि तिथून परस्पर सोडून येतो.

या तत्परतेचं कारण ओंदिनाला ठाऊक होतं. पूर आला तेव्हा ती मिलानमध्ये घरकामाला होती, पण इव्हो अकरा वर्षांचा होता आणि तिथं होता. त्यानं तिला एकदाच सांगितलं होतं, आईला पुरल्यावर, "ताई, मी बांधावरून बघितलं. बाबा कोंबड्या सोडवत बसले. आई छपरावर होती आणि ते कोंबड्या सोडवत बसले." त्यानंतर त्यानं बापाशी धड संभाषण केलं नाही. बापानंही कधी काही सांगितलं नाही. खोटं कशाला बोला, ओंदिनाच्या मनातही ती गाठ होतीच. ती बापाला जेवायला वाढायची, कपडे धुवायची, पण हे विचारायचं धाडस तिला सोळा वर्षांत झालं नव्हतं. म्हणून इव्होचं पत्र वाचून तिला वाईट वाटलं, तसं थोडं हलकंही वाटलं. हे दुसरं तिनं कुणाला सांगितलं नाही.

हे जूनमध्ये झालं. जुलैच्या एका दुपारी, खिडक्यांच्या फळ्या उन्हासाठी ओढून घेतल्या होत्या, ओंदिना भांडी पुसत होती आणि ओलिंदो दोरीखाली बसला होता.

"पोरी," तो म्हणाला, "हा मिशाळ काय म्हणतोय गं?"

बापानं कागदातलं काही विचारायची ही पहिलीच वेळ. ओंदिनानं मान वळवून आपलंच अक्षर वाचलं. "म्हणतोय, 'तुझ्यासाठी मी जीव देईन.'"

"हा?" ओलिंदो हसला. "हा कसला जीव देतोय. हा त्या पोरीला फसवतोय."

"बाबा, लिहिलंय तसं."

"मग चुकीचं लिहिलंय. तोंडाकडं बघू नको, तोंड कुणीही गोड करतं. हात बघ त्याचा. पाठीमागं काय करतोय?"

ओंदिना जवळ गेली. वर्षभरात पहिल्यांदाच तिनं पुठ्ठ्याशिवाय एक पान नीट पाहिलं. मिशाळाचा एक हात पोरीच्या खांद्यावर होता. दुसरा पाठीमागं, आणि त्यात तिची चिठ्ठी चुरगाळलेली होती.

"जीव देणारा तो आहे, दारापाशी, टोपी हातात धरलेला," ओलिंदो म्हणाला. "त्याच्या फुग्यात काय आहे?"

"'उद्या सकाळी बँकेचं काम उरकू.'"

"बघ. ते या मिशाळाचं वाक्य."

ओंदिनानं संहिता आणली, बोट ठेवून ताडून पाहिलं. पहिल्या चौकटीतला एक छोटा फुगा खिडकीतून निसटला होता, आणि तिथून अख्ख्या पानावर प्रत्येकाच्या तोंडी आधीच्याचं वाक्य गेलं होतं. मे महिन्यात तिच्या हातून हेच झालं होतं, आणि मालिन्व्हेर्नीनं बजावलं होतं, पुन्हा झालं तर दुसरा हात शोधेन. पण तिला घाम फुटला तो त्यामुळं नव्हे. ज्याला अ म्हणता ठ कळत नाही, त्या बापानं तिची चूक पकडली होती.

तिनं न लिहिलेला एक कोरा कागद त्याच्यापुढं धरला. सगळे फुगे रिकामे. "सांगा बरं, यात काय चाललंय."

ओलिंदोनं सांगितलं. सावकाश, चौकटीवरून जाड बोट फिरवत. इन्स्पेक्टर आलाय, दमलाय, घरी बायकोशी भांडून आलाय. नोकराणीला सगळं माहीत आहे पण ती सांगणार नाही, कारण चोर तिला आवडतो. ओंदिना टंकलेल्या ओळींवरून बोट फिरवत होती आणि एकेक गोष्ट जुळत होती. एकच जुळेना.

"ती जिन्यात थांबून रडली, हे कुठं आहे?"

"इथं." त्यानं बोट ठेवलं ते दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर. "या चौकटीत ती खाली आहे, या चौकटीत वर. एप्रन बघ, इथं कोरडा आहे, इथं ओला. मधल्या गल्लीत रडली ती. खरं काम सगळं या गल्ल्यांतच होतं, पोरी. काढणारा हुशार आहे, तिथलं तो काही काढत नाही."

ओंदिना मटकन खुर्चीवर बसली. वर्षभर ती नुसते शब्द बघत होती आणि तिच्या शेजारी बसून बाप नुसती चित्रं बघत होता. अर्धी गोष्ट तिच्याकडं, अर्धी त्याच्याकडं. आणि त्याला वेड लागलं म्हणून तिनं पत्र धाडलं होतं.

त्या दिवसापासून पुठ्ठा टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली गेला. आधी बाप कोरी पानं सांगायचा, मग ती संहिता वाचून दाखवायची, मग लिहायची. मिलानचा पाऊस चित्रकार नुसत्या तिरक्या रेघांनी कसा पाडतो आणि तरी ओलावा कसा येतो, हे ती निब थांबवून बघत राहायची. ट्राममध्ये बसलं की समोरच्यांच्या तोंडाऐवजी हातांकडं तिची नजर जायला लागली. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडून ती आणखी चित्रकथा आणायची. घोडेस्वारांच्या, दर्यावर्दींच्या, एक तर जाडजूड, शब्दच नसलेली. ती वाचायला तिला तीन दिवस लागले आणि दोनदा रडू आलं. पोत्सीबाई मीठ मागायला यायच्या आणि तासभर बसायच्या. मीठ बहुतेकदा विसरून जायच्या.

तिनं इव्होला लिहिलं, बाबांचं डोकं शाबूत आहे, तू येऊ नकोस. उत्तर आलं: "ताई, कॉमिकं बघून हसणारा म्हातारा शहाणा, असं तू म्हणतेस? जागा मिळाली आहे. मी येतोय." तिनं पुन्हा लिहायला घेतलं. पण काय लिहिणार? इव्हो वेडाबद्दल बोलतच नव्हता, हे तिलाही कळत होतं.

सप्टेंबरात ऑक्टोबरच्या अंकाची पानं आली. काळा हातमोजा पोलिसांना चकवण्यासाठी धरणाचे दरवाजे उघडतो आणि खालचं गाव बुडतं. ओंदिनाच्या ते लक्षात येईपर्यंत ओलिंदोनं कोरं पान हातात घेतलं होतं. तिनं काढून घ्यायला हात पुढं केला. तो सोडेना.

मोठी चौकट होती. सगळीकडं पाणी, मधे एक छप्पर, छपरावर बाई. खाली नावेत उभा असलेला माणूस. बाईच्या तोंडाशी मोठा रिकामा फुगा.

"हिला काय म्हणायला लावलंय?" ओलिंदोनं विचारलं.

"'वाचवा, वाचवा.'"

"हात बघ," तो म्हणाला. "वाचवा म्हणणारी बाई असा हात करत नाही. ती काहीतरी दाखवतेय. बाजूला." आणि मग, त्याच आवाजात, कागदावरची नजर न काढता, "तुझी आई पण नाही म्हणाली वाचवा."

ओंदिनानं पुढं केलेला हात मागं घेतला.

"इव्होला मी आधी बांधावर सोडलं. परत आलो. नाव छपराला लावली, हात वर केला. म्हटलं, आमाबिले, ये. ती म्हणाली, आधी कोंबड्यांचं दार उघड. कोंडल्यात बिचाऱ्या. मी कुठं जातेय?" त्याच्या उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरत होता, म्हाताऱ्या माणसांना असतो तसा चाळा. "मी ऐकलं तिचं. आयुष्यभर ऐकत आलो होतो. गेलो. मागं आवाज आला."

सोळा वर्षं ओंदिनानं या माणसाला दिवसातून दोनदा ताट वाढलं होतं, आणि प्रत्येक ताटाबरोबर मनातल्या मनात त्याला त्या कोंबड्यांची आठवण दिली होती. तिला स्वतःची शरम वाटली, इतकी की तिनं तोंड एप्रनमध्ये लपवलं.

"बाबा, हे इव्होला का नाही सांगितलंत?"

"इव्होला सांगू नको." तो एकदम कडक झाला. "मला रागावलाय ते बरं आहे. तू बोलायचं नाहीस, शपथ घे."

तिनं शपथ घेतली. का, ते तिला कळलं नाही. संध्याकाळी तिनं मोठ्या फुग्यात मधल्या ओळीपासून सुरुवात करून तीन ओळी लिहिल्या. 'आधी कोंबड्यांचं / दार उघड. / मी कुठं जातेय?' नोकरी जाईल हे ठाऊक असूनही लिहिल्या. वाळल्यावर बापाला दाखवल्या. त्यानं बोट न टेकवता त्या ओळींवरून हवेतच फिरवलं.

"इव्हो कुठं असलं वाचतोय," तो म्हणाला. "राहू दे."

मालिन्व्हेर्नीनं तिला बोलावलं. "बाई, पुरात कोंबड्या कुठून आल्या? संहितेत नाहीत, चित्रात नाहीत." त्यानं तिच्यासमोरच फुग्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि दुसऱ्या हाताकडून तीवर 'वाचवा!' लिहून घेतलं. "चांगलं अक्षर आहे म्हणून ठेवतोय. पुन्हा नको."

वीस तारखेला ओलिंदो सकाळपासून अंकाची वाट बघत बसला होता. ओंदिनानं एक प्रत आणली ती आधी पोत्सीबाईंच्या घरी नेली. तिथं पांढऱ्या रंगानं तो 'वाचवा' झाकला, सुकू दिला आणि तिच्याजवळच्या सगळ्यांत बारीक निबनं त्या इवल्या फुग्यात तीन ओळी परत लिहिल्या. पोत्सीबाईंनी एक अक्षर विचारलं नाही, ही गोष्ट त्या चाळीत ऐतिहासिक म्हणावी लागेल. ओलिंदोला ती प्रत मिळाली. तो ती रोज उघडायचा, बोट ठेवायचा आणि तीन ओळी बरोबर तीन जागी थांबून म्हणायचा. जन्मात वाचता आलेलं त्याचं एवढंच लिखाण.

सर्व संतांच्या सणाला अकराच्या सुमाराला इव्हो आला. चांगला कोट, खिशात ननांचं पत्र. ओंदिनानं चेस्टनट भाजले होते. तो बापाकडं न बघता "काय बाबा" म्हणाला आणि घडी घातलेलं वर्तमानपत्र टेबलावर टाकलं. घडीतून 'काळा हातमोजा' घसरून बाहेर आला.

ओलिंदोचा चेहरा उतरला. "तू वाचतोस हे?"

"गाडीत वेळ जातो." इव्हो लाजला. "सगळेच वाचतात." मग त्याला चेस्टनटच्या ताटाशेजारी उघडी पडलेली घरातली प्रत दिसली. "हेच तर वाचत आलो मी. धरणाचं." ओलिंदोनं त्या पानावर तळहात ठेवला, पण उशीर झाला. इव्होनं पुस्तक ओढून घेतलं होतं.

त्यानं एकदा वाचलं. मग आपली प्रत उघडून तेच पान शेजारी ठेवलं. एकीत एक ओळ, एकीत तीन. ओलिंदोला अक्षरं कळत नव्हती, ओळी कळत होत्या. त्यानं ओंदिनाकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"माझ्यात 'वाचवा' आहे." इव्होचा आवाज बदलला. "हे तुझं अक्षर आहे, ताई. कोंबड्या? ही काय थट्टा लावलीय तुम्ही माझी?"

"थट्टा नाही, इव्हो."

"पोरी," ओलिंदो म्हणाला.

शपथ शपथेच्या जागी राहिली. "आई म्हणाली होती हे," ओंदिना म्हणाली. "तिनं पाठवलं त्यांना. नाव छपराला लागली होती आणि तिनंच परत पाठवलं."

इव्हो उभाच होता. कोटाची बटणं अजून लावलेली. तो खुर्ची ओढून बसला.

"मला दिसलं ते एवढंच," तो म्हणाला, बापाला नव्हे, त्या पानाला. "धुकं यायचं आणि जायचं. नाव छपराशी दिसली. मग धुकं. मग नाव खुराड्याशी. परत धुकं. मग घर नव्हतं. पण मग इतका वेळ का लागला? खुराड्याची कडी काढायला किती वेळ लागतो?"

"कडी गंजली होती," ओलिंदो म्हणाला.

इव्होनं एक चेस्टनट उचलला आणि परत ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त हळूहळू उतरत गेलं, आणि ओंदिनाला कळेना, आता काय झालं.

"कडीला तार होती," इव्हो म्हणाला. "कोल्हा यायचा म्हणून. त्याच आठवड्यात मी बांधली होती. सात वेढे. तुम्ही म्हणालात, वा, आता कोल्ह्याचा बापही उघडणार नाही."

"तार कुठली. ती पाण्यानं केव्हाच नेली होती."

"बाबा."

"सांगितलं ना, गंजली होती कडी. जुनं लोखंड. मीच तेल घातलं नव्हतं."

आवाज अगदी साधा होता, तोंडही शांत. पण ओंदिना आता तोंड बघत नव्हती. ताटाच्या कडेला बापाचा उजवा हात पडला होता, आणि अंगठा बोटावर गोल फिरत होता, एक वेढा, दुसरा, तिसरा, न दिसणारं काहीतरी सोडवत. इव्होही तिकडंच बघत होता.